सील आता डोळ्यांना दिसत नाही

मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई



गेल्या पावसाळ्यात मी मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मोडायच्या अगदी बेतात होतो. मोडलं नाही. पण मोडलं असतं तरी आपल्या खात्याला ते कधीच कळलं नसतं, म्हणून हे पत्र.

गाडी 2014ची स्विफ्ट, डिझेल, एमएच-15 पासिंग. कंपनीतून आली तशीच आहे म्हणा. टायर थोडे रुंद आणि हॉर्नची जोडी नवी, एवढाच काय तो बदल. मुंबईहून येताना कसारा घाट चढत होतो. गाडीत चौघं, एसी चालू, पुढे सिमेंटचा बल्कर. भाचा चालवत होता. ओव्हरटेक करायला त्यानं तिसऱ्या गिअरला पाय दाबला आणि गाडी जागच्या जागी विचार करत राहिली. काटा दोन हजाराच्या वर जाईपर्यंत टर्बो जागा होत नाही, हे दुखणं या गाड्यांना जन्मापासूनचं. भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही लॅपटॉप लावून घ्या. दोन तासांत पंच्याहत्तरची पंच्याण्णव होते."

लॅपटॉप लावणं म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. वाचकांसाठी सांगतो. आजच्या इंजिनात डिझेल किती, कधी आणि किती दाबानं सोडायचं, टर्बोनं हवा किती कोंबायची, हे एक छोटा संगणक ठरवतो. गॅरेजात त्याला ईसीएम किंवा ईसीयू म्हणतात. त्याच्या पोटात आकड्यांचे तक्ते असतात. इतके आरपीएम, इतका पाय, इतकी हवा, तर इतकं डिझेल. या तक्त्यांना मॅप म्हणतात आणि ते बदलण्याला रिमॅप. गाडी खोलावी लागत नाही. स्टिअरिंगखालच्या सॉकेटात वायर खुपसायची, जुने आकडे काढायचे, नवे भरायचे.

चौकशीला गेलो. गॅरेजचं नाव लिहीत नाही. पोरगा हुशार होता, विषय त्याला कळत होता. बावीस हजार म्हणाला. बिल मागितलं तर म्हणाला, "काका, बिलावर सर्व्हिसिंग लिहू." आरटीओत कळवावं लागेल का, असं विचारल्यावर तो हसला. "दिसतंय कोणाला?"

त्या दोन शब्दांनी मला झोप लागू दिली नाही, कारण माझं अख्खं आयुष्य दिसणाऱ्या सीलवर गेलंय.

नाशिकच्या द्वारका चौकाजवळ माझी पंप-रूम होती. मुंबई-आग्रा रस्त्यावरचे ट्रक यायचे. त्यांचे डिझेल पंप उतरवायचे, टेस्ट बेंचवर चढवायचे, प्रत्येक नोझलला किती थेंब जातो ते काचेच्या नळ्यांत मोजायचं, सारखं करायचं आणि परत बसवायचं. नाशिकला हा धंदा परका नाही. सातपूरला नोझल बनवणाऱ्या मायकोच्या नावानं इथं चौकच आहे. कंपनीचं नाव बॉश होऊन वर्षं लोटली तरी रिक्षावाला अजून मायको सर्कलच म्हणतो. त्या पंपावर जास्तीत जास्त डिझेलची मर्यादा ठरवणारा एक स्क्रू असायचा. काम झालं की स्क्रूमधून तार ओवायची, तारेला शिशाची गोळी लावायची आणि चिमट्यानं दाबायची. गोळीवर आमची खूण उमटायची. हे सील.

ड्रायव्हर लोक काय कमी होते? घाट चढत नाही, शेठ ओरडतो, पंप वाढवून द्या, असा हट्ट करायचे. मी नाही म्हटलं तर पुढच्या ढाब्यावर कोणीतरी पक्कड घेऊन तयारच असायचा. सील तुटायचं, स्क्रू फिरायचा, ट्रक इगतपुरीपर्यंत काळा ढग सोडत जायचा आणि सहा महिन्यांत पिस्टन घेऊन परत माझ्याच दारात यायचा. पण बॉनेट उघडलं की तुटलेली तार दिसायची. मालकाला दिसायची, विम्याच्या सर्व्हेअरला दिसायची, आपल्या इन्स्पेक्टरलाही दिसायची. चोरी व्हायची, पण चोरीची खूण राहायची.

रिमॅप हा तोच स्क्रू आहे. फक्त तार आणि गोळी गेली.

आता मूळ प्रश्न: बहुतेक मूळ अवस्थेत असलेल्या गाडीचा मॅप बदलावा का? मी तांत्रिक माणूस आहे, त्यामुळे आधी रिमॅपवाल्यांची बाजू मांडतो. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. टर्बो असलेल्या इंजिनात आकडे बदलले की फरक पडतोच. चालवताना कळतो. कंपनी थोडी गुंजाइश राखून ठेवते हेही खरं. शिवाय कंपन्या स्वतः हाच खेळ खेळतात. स्कॉर्पिओ-एनचं 2.2 लिटरचं डिझेल इंजिन खालच्या प्रकारांत 132 अश्वशक्तीचं आणि वरच्या प्रकारांत 175चं. मग पैसे टाकून वरचा आकडा घ्यायची इच्छा झाली तर गिऱ्हाइकाला वेडं कसं म्हणायचं?

पण माझ्या गाडीचंच घ्या. 1248 सीसीचं हे फियाटचं इंजिन इतक्या कंपन्यांनी वापरलं की लोक त्याला गमतीनं राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. रांजणगावला बनायचं, मानेसरला बनायचं. ते दोन रूपांत मिळे. स्विफ्टमध्ये 75 अश्वशक्ती. अर्टिगा, सियाझमध्ये 90. भाच्याचा हिशेब सोपा होता: इंजिन एकच, म्हणजे फरक आकड्यांचा. तसं नाही. 90च्या इंजिनाला टर्बोच वेगळा होता. वाऱ्याच्या झोतानुसार पाती वळवणारा, व्हेरिएबल जॉमेट्रीचा. ती पंधरा घोड्यांची वाढ कंपनीनं लोखंड बदलून मिळवली होती. लॅपटॉपवाला तीच वाढ, वर आणखी पाच, जुन्याच टर्बोकडून मागतो. टर्बो देईलही. किती दिवस, ते बिलावर लिहिलेलं नसतं.

कंपनी जी गुंजाइश ठेवते ती कंजूषपणानं ठेवलेली नसते. एप्रिलमध्ये नाशिकचा पारा चाळिशी ओलांडतो. त्या उन्हात पाच माणसं आणि टपावर सामान घेऊन कोणीतरी वणीचा गड चढणार असतो. त्याचा एअर फिल्टर दोन वर्षांचा असतो, ऑइल बदलायची तारीख उलटून गेलेली असते आणि डिझेल कुठल्यातरी आडरस्त्याच्या पंपावरचं असतं. इंजिन त्या दिवशीही टिकावं, म्हणून ती जागा राखलेली असते. रिमॅप करणारा ती जागा खर्चायला काढतो. जास्त डिझेल म्हणजे जास्त उष्णता. ती आधी टर्बोला लागते, मग पिस्टनला. जास्त ओढ म्हणजे क्लच प्लेटवर ताण. पेट्रोलवाल्यांचंही तेच. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या टर्बो-पेट्रोल गाड्यांत येणारा सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी गिअरबॉक्स 250 न्यूटन-मीटरपर्यंतच्या ओढीसाठी बनवलेला आहे. 1.5 लिटरचं इंजिन कंपनीतूनच 250 घेऊन येतं. त्यावर एक घोडा वाढवला तरी तो गिअरबॉक्सच्या जिवावर. आणि ज्या पेट्रोल गाडीला टर्बोच नाही, तिचा मॅप बदलून हाती फार काही लागत नाही. हवा तेवढीच, मग पेट्रोल वाढवून उपयोग काय?

इथवर नुकसान मालकाचं. त्याचे पैसे, त्याचा पिस्टन. सरकारनं मध्ये का पडावं? पडावं, कारण ताकद वाढवताना आणखी दोन गोष्टी सर्रास केल्या जातात. ईजीआर, म्हणजे जळालेला थोडा वायू परत इंजिनात फिरवून नायट्रोजनची ऑक्साइड्स कमी करणारी वाट, ती लॅपटॉपवरून बंद करतात. आणि बीएस-6 गाडीतला काजळी पकडणारा डीपीएफ वारंवार तुंबतो म्हणून तो कापून काढतात. संगणकाला सांगतात, तुझ्याकडे हा कधी नव्हताच. डिझेल कारला बीएस-4 मध्ये किलोमीटरमागे 250 मिलिग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड्सची मुभा होती, एप्रिल 2020 पासून बीएस-6 मध्ये ती 80 वर आली. काजळीची मर्यादा 25 मिलिग्रॅमवरून साडेचारवर. साऱ्या देशानं महाग इंधन आणि महाग गाड्या घेऊन हे कमावलं, ते दोन तासांत परत जातं. केंद्राच्या स्वच्छ हवा कार्यक्रमात हवा सुधारायची गरज असलेली शहरं निवडली, त्यात नाशिक आहे. 'नाशिकची हवा' ही आमची जुनी शेखी. ती आता मिरवण्यासारखी राहिलेली नाही.

आपलं पीयूसी हे पकडत नाही. माझ्या गाडीला दरवर्षी जे प्रमाणपत्र मिळतं, त्यासाठी उभ्या गाडीचा पाय चार वेळा दाबतात आणि धुराचा काळेपणा मोजतात. नायट्रोजन ऑक्साइड्सना रंग नसल्यात जमा. उभ्या गाडीवर भारही नसतो. मॅप बेतानं लिहिलेला असेल तर गाडी हसत पास होते.

उभी गाडी खोटं बोलते, हे जगाला 2015च्या सप्टेंबरमध्ये कळलंच. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांचा संगणक, आपली चाचणी चालू आहे हे ओळखायचा आणि तेवढ्यापुरता शहाण्यासारखा वागायचा. आधी अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या लोकांनी यंत्रं गाडीत ठेवून रस्त्यावर मोजलं, तेव्हा संशय आला. जगभरात सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्या निघाल्या. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेनं रस्त्यावर तपासणी केली आणि त्या डिसेंबरात कंपनीनं 3 लाखांहून जास्त गाड्या परत बोलावल्या. मार्च 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं 500 कोटींचा दंड लावला. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली. यातली गंमत अशी की बोलावलेल्या गाड्यांवर इलाज म्हणून कंपनीनं जे केलं तोही रिमॅपच होता. म्हणजे आकडे बदलणं हे मुळात पाप नाही. कोणी बदलले, कोणी तपासले आणि खाली सही कोणाची, एवढाच प्रश्न आहे.

कायद्यात सही आहे, पण अर्धीच. आरसीवरचा तपशील कंपनीनं दिलेल्या तपशिलाहून वेगळा ठरेल असा बदल मालकानं करू नये, असं कलम 52 सांगतं. 9 जानेवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम 182-अ नव्यानं लिहिलं गेलं: परवानगीविना केलेल्या दर बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. नव्या आरसी कार्डावर घनक्षमतेच्या शेजारी अश्वशक्तीचा रकाना आहे. पंच्याहत्तरची पंच्याण्णव केली की तो रकाना खोटा. पण पकडलं काय जातं? फटाके फोडणारे सायलेन्सर, काळ्या काचा, बुलबार. सायलेन्सर रस्त्यावर मांडून रोलर फिरवला की वर्तमानपत्रात फोटो येतो. मॅपवर रोलर कसा फिरवणार?

गॅरेजातल्या पोराला घाबरवणं सोपं आहे. पण नुसती बंदी घातली की धंदा बिलाविना चालतो आणि चांगलं काम करणारा व पक्कडवाला दोघे एका रांगेत बसतात. म्हणून मागणी बंदीची करत नाही. मागणी सीलची आहे. चार गोष्टी मांडतो.

पहिली. बीएस-6 गाडीचा संगणक आपल्या मॅपची ओळख स्वतःच सांगतो. एक कॅलिब्रेशन आयडी असतो आणि दुसरा सीव्हीएन नावाचा आकडा. हा दुसरा आकडा संगणक आपल्याच पोटातल्या माहितीवरून मोजून काढतो. आत बदल झाला की हाही बदलतो. हीच आजच्या काळातली शिशाची गोळी. ज्या सॉकेटात लॅपटॉप लागतो त्याच सॉकेटात पीयूसी केंद्राचं यंत्र लावा, आकडा वाचा, कंपनीनं मंजुरीच्या वेळी दिलेल्या यादीशी ताडून बघा. कॅलिफोर्नियात जुलै 2021 पासून धुराच्या तपासणीत गाडीचं सॉफ्टवेअर असंच तपासतात आणि बेकायदा निघालं तर गाडी नापास करतात. हुशार माणूस हा आकडाही खोटा दाखवू शकेल, मान्य. माझ्या काळी खोट्या खुणेचे चिमटेही बाजारात होते. तरी सील होतं म्हणून निम्मे लोक हात लावायला बिचकायचे.

दुसरी. ज्याला खरोखर बदल हवाय त्याला दार उघडा. जर्मनीत गाडीतला बदल टीयूव्हीसारख्या संस्थेच्या तज्ज्ञाकडून तपासून गाडीच्या कागदांवर चढवता येतो; न चढवता फिरलात तर गाडीचा परवानाच धोक्यात. कॅलिफोर्नियात तपासून पास झालेल्या सुट्या भागाला आणि मॅपला सरकारी आदेशाचा क्रमांक मिळतो. एवढं लांब कशाला, आपल्याकडेच उदाहरण आहे. सीएनजी किट. कलम 52 मध्येच त्याची वाट ठेवलीय. किटला चाचणी संस्थेची मंजुरी, बसवणारा अधिकृत, आरसीवर नोंद, विम्यात नोंद. 2022 मध्ये बीएस-6 पेट्रोल गाड्यांनाही ही वाट मोकळी झाली. पेट्रोल इंजिन गॅसवर चालवणं हा मॅप बदलण्यापेक्षा लहान बदल नाही. त्याला नियम बसवता आले, तर मंजूर मॅपला का नाही? अमुक मॉडेल, अमुक मॅप, एआरएआयमध्ये धूर तपासलेला, क्लच आणि ब्रेकची अट घातलेली. तो भरला की आरसीवर नवी अश्वशक्ती आणि नवा सीव्हीएन.

तिसरी. डीपीएफ कापणाऱ्यांना आणि ईजीआर बंद करणाऱ्यांना या दारातून आत घेऊ नका. ताकद ही मालकाची हौस आहे, हवा सगळ्यांची आहे. दोन्हींना एकच दंड लावणं अन्याय आहे.

चौथी मागणी कंपन्यांसाठी, पण आपल्या मार्फत. सर्व्हिसिंगला गेलेल्या गाडीचं सॉफ्टवेअर बदललं जातं आणि मालकाला 'अपडेट केलंय' यापलीकडे काही सांगत नाहीत. काय बदललं ते लिहून देणं बंधनकारक करा. आणि इंधन बदलतंय त्याचंही बघा. देशभर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. जुन्या चारचाकीचं अ‍ॅव्हरेज त्यानं 6 ते 7 टक्क्यांनी घटू शकेल, हे नीती आयोगाच्या 2021च्या आराखड्यातच लिहिलेलं होतं. इंधन सरकारनं बदललं, इंजिन जुन्याच आकड्यांवर चालतंय. ज्या गाड्यांच्या नळ्या आणि रबरी सील हे पेट्रोल सोसतात, त्यांना कंपनीनं नवा मॅप का देऊ नये? अधिकृत रिमॅपची खरी गरज इथं आहे आणि इथं कोणी लॅपटॉप काढत नाही.

समृद्धी महामार्ग 5 जून 2025 पासून पुरा झाला. इगतपुरीच्या बोगद्यातून ताशी 120ची मुभा असलेल्या रस्त्यावर नाशिकची पोरं निघतात, तेव्हा प्रत्येकाला आपली गाडी कमीच वाटते. 2027ला सिंहस्थ आहे. गाड्यांचा पूर येईल. त्यातल्या किती गाड्यांची आरसी खरं बोलतेय, हे आज आपल्यालाही सांगता येणार नाही आणि मलाही नाही.

माझ्या गाडीचं काय झालं ते सांगून थांबतो. लॅपटॉप लावण्याआधी मी जुन्या सवयीनं बॉनेट उघडलं. टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणाऱ्या रबरी पाइपला क्लिपखाली चीर होती; आसपास तेलाचा ओलावा. भार पडला की हवा तिथून निसटत होती. डिझेल फिल्टरही बदलायला आला होता. ईजीआरमध्ये काजळीचा थर. पाइप आणि फिल्टर बदलले, ईजीआर साफ केला, बावीसशेच्या आत काम झालं. परत कसारा चढलो. दोन हजाराखालचा आळस आहे तसाच आहे, पण त्याच्या वर गाडी मला बऱ्याच वर्षांनी पूर्ण पंच्याहत्तरची वाटली. भाच्याला म्हटलं, कंपनीनं दिलेले घोडे आधी मोजून घे, मग नवे विकत घे. याच गाडीवर लॅपटॉप लावला असता तर चिरलेल्या पाइपनं आणखी हवा गमावली असती, वर डिझेल वाढलं असतं आणि मी द्वारकेच्या ट्रकसारखा इगतपुरीपर्यंत ढग सोडत गेलो असतो.

भाच्याचं समाधान झालेलं नाही. त्याला पंच्याण्णव हवेत. तो वाईट मुलगा नाही. त्याला कागद द्यायची तयारी आहे, चाचणी द्यायची तयारी आहे, फी भरायचीही तयारी आहे. फक्त ती घेणारी खिडकी कुठं आहे, हे त्याला सांगता येईना. पेठ रोडच्या आरटीओत अशी खिडकी नाही.

आपण ती उघडा. रांगेत मी त्याच्याबरोबर उभा राहीन. येताना जुना चिमटा खिशात आणीन. कामाचा नाही, पण त्यावरची माझी खूण अजून वाचता येते.

आपला,
एमएच-15 पासिंगच्या एका पंच्याहत्तर घोड्यांच्या गाडीचा मालक
नाशिक